जोत्याला पाणी

काँक्रीट ओतून झालं की घर बांधणारा माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं. जोतं तयार झालं त्या दिवसापासून घरात धुसफूस सुरू झाली. भांडणाचं कारण काय, तर पाणी. म्हणजे जोत्यावर किती दिवस पाणी मारायचं आणि चौकट कधी उभी करायची. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण आमची जेवणं त्यापायी कडू झाली होती.

सातपूरच्या बाजूची ही गोष्ट, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. बाबा तिथल्या एका कारखान्यात मशीनवर होते. आम्ही जवळच भाड्याच्या खोलीत राहायचो. पुढे पत्र्याची पडवी, मागे मोरी, एवढाच संसार. बाबा आणि त्यांच्यासारखे काही कामगार यांनी मिळून सोसायटी केली होती. वस्तीच्या पलीकडे, पेरूच्या बागा संपून माळ सुरू व्हायचा तिथे, सगळ्यांनी प्लॉट घेतले होते. आमचा अगदी कडेचा. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि ते हातात पडेपर्यंत माणूस अर्धा म्हातारा व्हायचा. म्हणून काळ्या दगडाचा पाया वर आला, आत मुरूम भरून ठोकला आणि त्यावर काँक्रीटचा थर पडला, त्या दिवशी आईने सगळ्या मजुरांना गूळ-शेंगदाणे वाटले. मी तेव्हा मास्तरकीचा कोर्स करत होते. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे साइटवर बसायचं काम आपसूक माझ्या गळ्यात आलं.

बाबांचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस. केसाएवढा फरक पडला की तुकडा भंगारात, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीसुद्धा खाटेचा पाय भिंतीपासून जरा तिरका दिसला तरी उठून सरळ करायचे. आम्ही बौद्ध. मुहूर्त, पंचांग, राहुकाल यातलं काही आमच्या घरात चालत नसे, आणि बाबा तर या विषयावर तासभर बोलू शकायचे. कुणी विचारलं नाही तरी बोलायचे. शेजारच्या प्लॉटवाल्याने गुरुजींना विचारून चौकटीचा मुहूर्त काढला आणि जोतं नीट घट्ट व्हायच्या आत नारळ फोडून चौकट उभी केली, तेव्हा बाबा सायकलवर हात ठेवून बघत उभे होते. मला म्हणाले, "पी हळद अन् हो गोरी. बघ, कसं चाललंय."

आणि घरी येऊन त्यांनी आमचा हुकूम सुनावला. "एकवीस दिवस पाणी मारायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तोवर त्या जोत्यावर चौकटच काय, चिमणीसुद्धा बसता कामा नये."

आई पोळपाट पुसत होती. मान वर न करता मला हळूच म्हणाली, "मुहूर्त न मानणाऱ्यांचापण मुहूर्त असतोच की गं."

काँक्रीट वाळत नसतं, हे मला बाबांनी तेव्हा समजावलं. ते शिजतं, म्हणायचे. पाण्यात शिजतं. चुलीवरचा भात अर्धवट असताना पाणी आटलं तर काय होतं? तळाला लागतो आणि वरचा कच्चा राहतो. तसंच हे. वैशाखाचं ऊन वरून पाणी ओढून घेतं, जोतं वरून टणक दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. मग त्यावर भिंती चढवा, छप्पर टाका, चार वर्षांनी भेगा मोजत बसा. म्हणून आम्ही जोत्यावर मातीचे छोटे छोटे वरंबे घालून वाफे केले होते आणि त्यात पाणी कोंडून ठेवायचो. बाजूने दिसणाऱ्या दगडांवर गोणपाट टाकून तेही ओले करायचे. पाणी पेरूच्या बागेतल्या विहिरीवरून आणायचं. बागवाला भला माणूस होता, पण इंजिन चालू असेल तेव्हाच घ्या म्हणायचा, आणि इंजिन नेमकं भर उन्हात सुरू व्हायचं. मी आणि आई डोक्यावर हंडे घेऊन खेपा घालायचो आणि साइटवरचं पिंप भरून ठेवायचो. पायाखाली माळ तापलेला. माझा राग तर नाकावरच असायचा. मी म्हणायचे, "घर बांधतोय की भात लावतोय?"

सुरुवातीचे दिवस असे गेले. मग बाबा एका रविवारी लासलगावकडे गेले आणि आत्याला घेऊन आले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा लहान असतानाच आजी वारली, तेव्हा आत्यानेच त्यांना वाढवलं. ती कांद्याच्या चाळीत कांदा निवडायला जायची. दिवसभर कांद्यात बसून तिच्या बोटांना कायमचा वास लागला होता. तिने मजुरी करून भावाला शाळेत घातलं, नाशिकला धाडलं, आणि स्वतः मात्र गावातच राहिली. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बाबा दर वर्षी तिला म्हणायचे, चल आमच्याकडे. ती म्हणायची, तुजी खोली केवढी, मी कुटं मावू त्यात. आता मात्र ती मुकाट आली. चार पावलं टाकली की दम लागत होता, पाय सुजले होते. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हृदय पार थकलंय, हिला आवडेल ते खाऊ घाला. बाबांनी आम्हाला सांगितलं, "थोडा अशक्तपणा आहे, म्हणालेत." पण मी दारामागेच उभी होते. मला सगळं ऐकू आलं होतं.

आत्यालाही कुणी सांगायची गरज नव्हती.

आमची चौकट तयार होऊन पडवीत आली होती. सुरगाण्याकडच्या सागाची, सुताराने मन लावून केलेली, गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेली. पडवीत तिच्यामुळे धड पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याची खाट तिच्या शेजारीच टाकली होती, कारण तिला आत कोंडल्यासारखं व्हायचं. पडल्या पडल्या ती गोणपाट जरा बाजूला सारून लाकडावरून हात फिरवायची. एकदा संध्याकाळी बाबा पाणी मारून आले, हात-पाय धुऊन जेवायला बसले, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, ही कदी हुबी करतोस?"

"करू की, अक्का. पाणी मारतोय अजून."

"मला भित्ती नको, छप्पर नको. निस्ती ही हुबी कर. एकदा हिच्यात हुबी ऱ्हाते अन् आत जाते. मंग तू तुज्या हिशेबानं काय ते बांध."

"आत जायचं म्हणजे? अगं, तुला तर त्याच घरात राहायचंय."

आत्या हसली. "भाऊ, माजा सगळा जलम लोकांच्या दारात गेला. मजुरी घ्यायला दारात, ताक मागायला दारात. उंबऱ्याच्या आत कुनी घेतलं नाय. अन् माज्या खोपटाला तर गोनपाटच व्हतं. आपलं दार कसं असतं ते मला बघायचंय. लय काय मागत नाय मी."

बाबा घास तसाच हातात धरून बसले आणि मग म्हणाले, "कच्च्या जोत्यावर चौकट नाही बसवायची, अक्का. आपल्या लोकांचं घर कच्चं, असं म्हणायला माणसं टपलेली असतात. मला तसं घर नाही बांधायचं."

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आज मला ते त्यांच्याइतकंच पटतं. पण तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले. म्हटलं, "बाबा, दगडाला पाणी पाजताय आणि इथे माणूस वाळत चाललंय, ते दिसत नाही तुम्हाला? शेजारच्यांनी उभी केलीच ना? पडली का त्यांची चौकट?"

बाबांनी ताटातच हात धुतला आणि उठून बाहेर गेले. ताटात हात धुणं आमच्याकडे फार वाईट समजतात. आई मला रागे भरली, आत्याही रागे भरली. "बापाला असं बोलत्यात व्हय? जीभ हाय का कातर?" मी पडवीच्या पायरीवर जाऊन रडत बसले. राग आला की मला रडू येतं, ती खोड अजून गेली नाही.

शेजारच्यांच्या घराचं एकदाच सांगून टाकते. त्यांचं घर आजही उभं आहे. एक भेग नाही. बाबांना ते मरेपर्यंत खटकत होतं.

पुढचे दिवस सगळे मूग गिळून होते. बाबा पहिल्या पाळीला जायचे, दुपारी सुटले की तडक साइटवर, वाफे बघायचे, फुटलेला वरंबा नीट करायचे, पाणी मारायचे आणि मग घरी यायचे. आत्याशेजारी बसायचे, तिचे पाय दाबायचे. चौकटीचा विषय ना ती काढायची ना ते. ती रोज थोडी कमी जेवायची आणि बाबा रोज थोडं जास्त पाणी मारायचे. मी आईला म्हटलं, "किती हट्टी माणूस आहे गं हा!"

आई म्हणाली, "हट्ट नाही तो. तुला एवढं शिकून कळत नाही? आज चौकट उभी केली म्हणजे अक्काला वेळ उरला नाही हे कबूल केल्यासारखं होतं. त्यांच्याने ते होत नाही. जोतं भिजतंय तोवर अक्का आहे, असं धरून बसलेत."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाईटही वाटलं आणि बाबांचा राग आणखी आला, दोन्ही एकदमच.

मग एका सकाळी आत्याने पेजेची वाटी बाजूला सारली. पाणी पण नको म्हणाली. आईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि उठून मला म्हणाली, "चाचांना बोलावून आण. आज उभी करायची."

चाचा म्हणजे आमचे मिस्त्री, जुन्या नाशकातले. तोंडाचा पट्टा अखंड चालू. सगळ्या नाशिकची घरं आपणच बांधली असं त्यांचं मत होतं. बाबांच्या एकवीस दिवसांमुळे त्यांचं काम अडलं होतं, भगूरचं दुसरं काम खोळंबलं होतं, म्हणून ते आधीच वैतागलेले. "मैं तो परसोंच बोला था साहेबांना. ये भिजत घोंगडं कशाला ठेवायचं?" पण खरंच बाबांना न विचारता चौकट उभी करायची म्हटल्यावर मात्र त्यांची बोबडी वळली. "नको भाभी, साहेब माझी गर्दन उडवतील."

आई म्हणाली, "बसवायची नाही, चाचा. एक वीट लावायची नाही. दोन बांबूंचे टेकू द्या आणि नुसती धरा. ते पाळीवरून सुटायच्या आत उतरवा. अक्काची हालत तुम्ही स्वतः येऊन बघा."

चाचा आले, आत्याला बघितलं. टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "हातगाडी आणतो."

एकाच हातगाडीवर आम्ही चौकट आडवी ठेवली आणि तिच्या मधोमध गोधडी अंथरून आत्याला बसवलं. तिने हट्टाने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून घेतलं होतं. ऊन कलायला लागलं होतं. चाचा पुढून ओढत होते, मी आणि आई मागून ढकलत होतो, आणि आत्या दोन्ही हातांनी चौकट धरून बसलेली. वस्तीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. आत्या म्हणाली, "लग्नात मी चालत गेल्ते सासरी. वरात आज निघाली बग माजी." आई हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. मी पण हसले. खूप दिवसांनी आत्याच्या आवाजात जोर आला होता.

साइटवर पोचलो तर जोत्यावरचे सगळे वाफे काठोकाठ भरलेले. सकाळी मीच भरले होते. चाचा म्हणाले, "वरंबे फोडू? पाणी काढून टाकतो." आत्याने हात वर केला. "फोडू नका. भाऊनं पाजलंय ते." मग चाचांनी चौकटीच्या पायांखाली गोणपाटाच्या घड्या ठेवल्या, पुढून-मागून बांबूंचे टेकू दिले, दोरीने आवळून बांधले, बांबूंच्या बुडाशी दगड लावले. ओळंबा सोडून बघितला. उतरवायचीच होती, तरी बघितला. माळावर, पाण्यात, भिंती नसलेली एक चौकट उभी राहिली. तिच्यातून पलीकडे पेरूची बाग दिसत होती. आईने मेणबत्ती आणली होती, ती वाऱ्याने विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. "ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.

आम्ही दोघींनी तिला धरून दगडांवरून वर चढवलं. चौकटीशी आल्यावर तिने आमचे हात सोडवले. खालच्या आडव्या लाकडाला हात लावून तो छातीला लावला. मग उजवा पाय उचलून आत टाकला, घोट्याएवढ्या पाण्यात, मग डावा. आत जाऊन वळली आणि चौकटीला धरून बाहेर बघत उभी राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. दम लागला तेव्हा चाचांनी घमेलं पालथं घालून दिलं, त्यावर ती बसली. पाय पाण्यात. म्हणाली, "गार हाय घर."

भिंती काही तिने पाहिल्या नाहीत. त्याच आठवड्यात ती झोपेत गेली. चौकट बाबांनी नंतर सगळे दिवस भरल्यावरच बसवली.

पण त्या दुपारचं अजून राहिलंय. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा आमच्या ध्यानात आलं की चौकट अजून तशीच उभी आहे आणि आत्या उठायला तयार नाही. चाचांनी विडी पेटवून बागेकडे तोंड फिरवलं. आई उगाच पदर खोचत राहिली. मी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती. एक शब्द बोलू देत, मग बघतेच, असं.

बाबा सायकलवरून आले. लांबूनच त्यांना दिसलं असणार, कारण ते पायडल मारायचे थांबले आणि सायकल आपोआप येत राहिली. उतरले, सायकल स्टँडवर लावायला गेले, ती लागलीच नाही, आडवी पडली. त्यांनी ती उचलली नाही. ते सरळ जोत्याच्या मागच्या कोपऱ्याशी आले. रोज पाणी मारताना ते तिथूनच वर चढायचे. आत्या त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. त्यांची चाहूल लागली तशी तिने मान वळवून पाहिलं. तिला चांगलं दिसत होतं, पण तिने घरातल्या बाईसारखं विचारलं, "कोन हाय?"

"मी, अक्का. मी आहे."

"मंग भायेर का हुबा? ये की घरात."

चारी बाजू मोकळ्या होत्या. एक पाय उचलला असता तर ते तिच्याजवळ पोचले असते. पण बाबा मागे सरले, सगळ्या जोत्याला फेरी मारून पुढच्या बाजूला आले, खाली बूट काढून ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दारातून वाकून आत गेले.